बिननावाचा फोनोग्राफ

नंदू गेला त्यानंतर त्याच्या वस्तूंची विल्हेवाट लावायला फार वेळ लागला नाही. होतंच काय म्हणा. चार कपडे, कामावरचे बूट, एक रेनकोट. ते सगळं त्याच्याबरोबर काम करणारा बाळा घेऊन गेला आणि कुणाकुणाला देऊन आला. पाना-पक्कडीची पिशवी मुलुंडच्या कंत्राटदाराची होती, ती त्याच्याकडे परत गेली. पवईच्या रस्त्यावर डंपरनं उडवलेली स्कूटर पोलीस चौकीच्या आवारात पडून राहिली. ती आणायला कुणी गेलंच नाही. घरात उरलं ते फक्त खाटेखालचं यंत्र.

नंदूचा बाप गुणाजी राऊळ. मूळचा कुडाळकडचा, उमेदीची सगळी वर्षं लालबागच्या एका गिरणीत फिटर म्हणून काढलेला. ब्याऐंशीचा संप झाला, गिरणीचं दार त्याच्यापुरतं कायमचं लागलं आणि तो घाटकोपरला एका सात मजली इमारतीत लिफ्टमन म्हणून लागला. त्याच वर्षी नंदूनं डिप्लोमा अर्ध्यावर सोडला आणि बर्फाच्या कारखान्यांतली, शीतगृहांतली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या त्या मुलुंडच्या कंत्राटदाराकडे नोकरी धरली. बाप-लेकात भांडण असं कधी झालं नाही. बोलणंही फारसं झालं नाही. एकाच्या सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याची पाळी असायची.

ते यंत्र नंदूनं दिवाळीच्या सुमाराला आणलं होतं. जुन्या लुंगीत गुंडाळून, कडेवर पोर घ्यावं तसं. जमिनीवर ठेवून त्यानं लुंगी सोडली तेव्हा त्याची आई, प्रेमा, चुलीपाशी पोळी लाटत होती ती लाटणं घेऊनच उठून आली. लोखंडी बैठक. तिच्यावर ओतीव कामातली एक बाई, कमरेपर्यंत बाई आणि खाली माशाची खवल्याखवल्यांची शेपटी. बाईच्या पाठीमागे किल्लीचं यंत्र, दातेरी चाकं आणि एक आडवी पितळी दांडी.

"ह्या काय हाडलंस रे?" प्रेमा म्हणाली. "पुजूचा की भंगारात घालूचा?"

"आई, फोनोग्राफ आहे हा. तबकडीच्या आधी मेणाच्या नळ्या वाजायच्या ना, त्यातला. ही बघ, या दांडीवर नळी चढवायची." त्यानं पुठ्ठ्याच्या डबीतून कापसात ठेवलेली काळी नळी काढून दाखवली. अशा तीन होत्या.

"कोणाचा आहे?" गुणाजीनं विचारलं.

"एका म्हातारीचा. दुरुस्त करून द्यायचाय. पण गंमत बघा ना बाबा, सगळा उलटासुलटा करून पाहिला, कंपनीचं नावच नाही कुठे. हा आला कुठून तेच कळत नाही. ते शोधून काढायचंय."

गुणाजी "हं" म्हणाला. नंदूनं यंत्र खाटेखाली सरकवलं. पुढे महिना-दोन महिने तो सुट्टीच्या दिवशी ते बाहेर काढून बसायचा, नाहीतर पिशवीत घालून कुठेतरी घेऊन जायचा. मग शहाऐंशीच्या जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, तो कामावरून परतलाच नाही.

गुणाजीनं जे करायचं ते सगळं रीतसर केलं. इस्पितळात ओळख पटवली, सह्या केल्या, अग्नी दिला. तेराव्यानंतर खाकी गणवेश चढवून तो लिफ्टमध्ये स्टुलावर जाऊन बसला. इमारतीतल्या बायका लिफ्टमध्ये शिरल्या की हळहळायच्या. "बहुत बुरा हुआ, गुणाजी," असं दुसऱ्या मजल्यावर सुरू झालेलं पाचव्याला दार उघडल्यावर संपायचं, कारण त्यांना उतरायचं असायचं. तो मान हलवायचा. शेजारपाजारचे लोक म्हणाले, गुणाजीचं मन घट्ट आहे. त्याच्या मेहुण्यानं खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "रडून घे एकदा, मोकळा हो." त्यानं तसं करून पाहिलं, म्हणजे संडासात जाऊन दार लावून उभा राहिला. काही झालं नाही. दात काढण्याआधी डॉक्टर हिरडीत इंजेक्शन देतात, मग आपण आपल्याच गालाला हात लावला तर तो दुसऱ्या कुणाचा वाटतो, तसं त्याचं झालं होतं. जेवण जात होतं, झोप लागत होती. प्रेमा भिंतीकडे तोंड करून रडायची तेव्हा तो तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायचा, एवढंच.

फेब्रुवारी संपत आला होता. केर काढताना प्रेमाची करंगळी त्या लोखंडी बैठकीला आपटली. ती खाली बसली आणि पाय धरून म्हणाली, "ह्या घरातून जाऊ दे. ज्याचा त्याका दिवन येवा, नायतर भंगारवाल्याक द्या. माका बघूक नको."

भंगारवाल्याला देणं गुणाजीला पटेना. वस्तू दुसऱ्याची. गिरणीत असताना त्यानं कुणाचा स्क्रू ड्रायव्हरसुद्धा कधी घरी आणला नव्हता. पण ज्याची त्याला द्यायची म्हणजे कुणाला? एक म्हातारी, याच्यापलीकडे नंदू काही बोलला नव्हता. आणि त्यानंही काही विचारलं नव्हतं.

त्यानं बाळाला गाठलं. बाळा विचार करून म्हणाला, "काका, आम्ही दोघं पार बोरिवलीपासून कुलाब्यापर्यंत फिरायचो, म्हातारी कुठली ते मला नाही माहीत. तो एकटाच जायचा तिच्याकडे. पण मालाडला एक चंद्रप्रकाश म्हणून आहे, त्याच्याकडे असल्या जुन्या मशिनी आहेत. नंदू त्याला दाखवायला न्यायचा. पागल झाला होता यार तो त्या मशीनपायी."

रविवारी गुणाजी यंत्र पिशवीत घालून मालाडला गेला.

चंद्रप्रकाश हा एका सिनेमा थिएटरात आयुष्यभर प्रोजेक्टर चालवून निवृत्त झालेला गृहस्थ. बाजाराच्या मागे एका जुन्या घरात राहायचा आणि त्याच्या दोन खोल्यांत माणसांपेक्षा यंत्रंच जास्त होती. ग्रामोफोन, रेडिओ, घड्याळं, एक फिल्म जोडायचं मशीन. पिशवीतून माशाची शेपटी डोकावताच त्यानं ओळखलं.

"अरे, ये तो नंदू की जलपरी! तुम्ही त्याचे वडील? या ना, बसा. तो नाही आला?"

"कामावर आहे," गुणाजी म्हणाला.

इतक्या सहज तोंडातून निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. पण एकदा निघाल्यावर परत घेता येईना. चंद्रप्रकाशनं चहा मागवला, यंत्र टेबलावर ठेवलं आणि तो खुशीत बोलायला लागला.

"बघा भाईसाहेब, हे जर्मनीचं. ऐंशी वर्षांपूर्वीचं तरी असणार. तिथे एक नदी आहे, त्या नदीत अशी बाई बसायची आणि खलाशांना भुलवायची, अशी काहीतरी गोष्ट आहे त्यांची. म्हणून ही अशी. आणि नाव का नाही, ते तुमच्या मुलाला मी सांगितलंय. हा सगळ्यात सस्ता माल. बनवणारे खूप होते आणि दुकानदार असं करायचे, की एवढ्या नळ्या घ्या आणि मशीन फुकट न्या. फुकटच्या वस्तूवर नाव कोण घालणार? पण नंदूचं समाधान नाही. म्हणतो, अंकल, फुकट तर फुकट, पण कुठल्या बंदरातून आली, कुणी आणली, ते काढून द्या." तो हसला. "इकडे बघा, बैठकीच्या खालच्या बाजूला. हा गंज पाहिलात? हा खाऱ्या हवेचा. ही समुद्राकाठच्या घरात राहिलेली आहे. म्हातारी कोळीण आहे, एवढं तो बोलला होता. सासरा बोटीवर होता तिचा. वेसाव्याची का मढची, ते नाही आठवत."

मग त्यानं आतून पत्र्याचा एक नवा कर्णा आणून दिला. नंदूनं बनवून घ्यायला सांगितला होता. गुणाजी निघाला तेव्हा दारात येऊन त्यानं विचारलं, "आणि त्या नळीचं काय ठरवलं त्यानं? सांगितलं का म्हातारीला?"

"कुठल्या नळीचं?"

"नाही, काही नाही. त्यालाच विचारा."

गुणाजीनं हो म्हटलं आणि कर्णा काखेत मारून तो बाहेर पडला.

वेसाव्याच्या आणि मढच्या बर्फाच्या कारखान्यांत नंदूचं काम असायचं, एवढं बाळाकडून कळलं. वेसावा आधी. पुढच्या रविवारी गुणाजी तिथे गेला. कारखान्यातल्या माणसाला नंदूचं नाव सांगताच त्यानं विचारलं, "तो मशीनवाला? जेवायला कृष्णाबाईकडे जायचा तो? सरळ जावा, देवळाकडून डाव्या हाताला."

उन्हात बांबूंवर बोंबील टांगून वाळत घातले होते. बाया त्यांच्याखाली बसून निवडत होत्या. गुणाजीनं नाव विचारायच्या आधीच एक उंच, काळीसावळी म्हातारी उठून उभी राहिली. तिची नजर पिशवीतून वर आलेल्या शेपटीवर होती.

"आनलास?" ती म्हणाली. "आनि तो चोर कुठं हाय?"

"मी त्याचा बाप."

"मंग बापाला पाठवला! सोता तोंड दाखवाला लाज वाटली व्हय?" तिनं पदर कमरेला खोचला. बाकीच्या बाया निवडणं थांबवून बघायला लागल्या. "नातवाच्या लग्नाला वाजवून देतो बोल्ला व्हता. हलद झाली, लगीन झाला, सगला झाला, याचा पत्ता नाय. अख्खा कोलीवाडा मना इचारतो, कृष्णाबाय, तुजा सासरा कवा बोलनार? मी काय सांगू? सासऱ्याला चोरानं नेला? माज्या घरात बसून जेवला तो. माज्या हातचा खाल्ला आनि माजीच वस्तू घेऊन पलाला!"

गुणाजी उभा राहून ऐकत होता. पिशवीचा बंद बोटात रुतत होता, तो त्यानं दुसऱ्या हातात घेतला. नंदूला कुणी शिव्या देतंय हे त्याला विचित्र वाटलं. या दीड-दोन महिन्यांत त्याच्याबद्दल सगळे फक्त चांगलंच बोलत होते. म्हातारी दम घ्यायला थांबली तेव्हा तो म्हणाला, "तो मेला."

घरात सगळे गेला म्हणत होते, वारला म्हणत होते. हा शब्द कुणी वापरला नव्हता. त्यानंही नाही.

"कधी?" कृष्णाबाईनं विचारलं.

"संक्रांत झाल्यावर. डंपरनं उडवलं, पवईला."

तिनं कमरेला खोचलेला पदर सोडला. मग बायांकडे वळून म्हणाली, "जा गो तुमी." बाया उठून पलीकडे गेल्या. तिनं त्याच्या हातातून पिशवी घेतली, ओट्यावर ठेवली आणि स्वतः तिच्याशेजारी बसली.

"मंग लग्नाच्या आधीच की रे."

"होय."

"मना काय ठाव. मी रोज त्याला शिव्या घालत व्हते."

"चालतंय," गुणाजी म्हणाला. ते त्यानं तोंडदेखलं म्हटलं नव्हतं. त्याच्या मनात आलं होतं, की इतके दिवस नंदू या एका घरात जिवंत होता. चोर म्हणून का होईना, कुठेतरी फिरत होता, लपत होता. ते आता आपण येऊन संपवलं.

कृष्णाबाईनं त्याला पाणी दिलं. सांत्वनाचं एक अक्षर ती बोलली नाही. ती यंत्राबद्दल बोलली. तिचा सासरा, बळवंत, आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकायच्या कामाला होता. एका फेरीहून येताना त्यानं ही मासळीबाई आणली आणि पुढच्या फेरीला गेला तो आलाच नाही. तेव्हा विलायतेत मोठी लढाई चालू होती. बोट कुठे बुडाली कुणाला ठाऊक. पण जाताना यातल्या एका नळीत त्यानं आपला आवाज भरून ठेवला, असं सासू सांगायची. कृष्णाबाई लग्न होऊन या घरात आली तोवर यंत्र बंद पडलेलं होतं. तिनं तो आवाज कधी ऐकला नव्हता. नवरा होता तोवर त्याची तो पुन्हा ऐकायची फार इच्छा होती, पण दुरुस्त करणारा कुणी मिळाला नाही. आणि मग एक दिवस कारखान्यात नंदू आला.

"तो तुजाबद्दल सांगायचा," ती म्हणाली.

"माझ्याबद्दल?"

"बोलायचा, माजा बाप घरात बोलत नाय, पन मशीनचा आवाज आयकून सांगतो कुठला चाक दुखतो म्हनून. गिरनीत सगले त्याला बोलवायला यायचे. व्हय काय?"

गुणाजीनं मान हलवली. हे नंदूला कुणी सांगितलं असेल? लहान असताना एकदा दसऱ्याला तो त्याला गिरणी दाखवायला घेऊन गेला होता, तेव्हाचं काही असेल.

त्यानं यंत्राकडे हात केला. "हे तुमचं तुम्ही ठेवून घ्या. मी तेवढ्यासाठीच आलो."

"बंद पडलेला घेऊन मी काय करू? वाजवून दे. पोरानं शब्द दिल्ला व्हता."

"मला नाही जमणार."

"आत्ताच तर हो बोल्लास," म्हातारी म्हणाली आणि पिशवी उचलून तिनं परत त्याच्या हातात दिली.

प्रेमाला त्यानं सगळं सांगितलं. यंत्र पुन्हा घरात आल्याबद्दल ती रागावली नाही. खाटेखाली न ठेवता तिनं ते खिडकीतल्या फळीवर ठेवलं.

सुट्टीच्या दुपारी गुणाजी ते पुढ्यात घेऊन बसायला लागला. संपानंतर त्यानं हत्यार हातात धरलं नव्हतं. त्यानं यंत्र उघडलं आणि तो थोडा वेळ बघतच राहिला. आतलं अर्धं काम झालेलं होतं. तुटलेली स्प्रिंग टोकाशी तापवून, नवं भोक पाडून पुन्हा अडकवली होती. एका चाकाचा दाता मोडला होता, तिथे पितळेचा तुकडा बसवून कानशीनं घासून नवा दाता केला होता. गुणाजीनं त्यावरून बोटाचं नख फिरवलं. कुठे अडकलं नाही. इतर दात्यांत तो दाता ओळखू येत नव्हता.

पोराचं काम त्यानं आजवर पाहिलंच नव्हतं. गिरणीत असता तर अशा हाताच्या माणसाला त्यानं आपल्या खात्यात मागून घेतलं असतं. "हात चांगला होता," तो प्रेमाला म्हणाला. प्रेमानं विचारलं, "कोणाचो?" तो दात्याकडे बोट करून म्हणाला, "ह्याचो." तिला कळलं. ती उठून आत गेली. गुणाजी चाकांना तेल देत बसला. आपल्याला आता काहीतरी वाटेल, अशी तो मनातून वाट बघत होता. पण फक्त तेलाचा वास येत होता.

उरलं होतं ते आवाजाचं तोंड. नळीवरून सुई फिरते, तिच्या वर अभ्रकाची पातळ चकती असते, ती थरथरली की आवाज होतो. ती चकती तडकलेली होती. जुन्या इस्त्रीतला अभ्रक काढून गुणाजीनं तशी दुसरी कापली. सुई मात्र हवी होती, म्हणून तो पुन्हा मालाडला गेला.

या वेळी चंद्रप्रकाशनं "नंदू?" असं विचारताच त्यानं सांगून टाकलं. वेसाव्याला एकदा बोलून झालं होतं, दुसऱ्यांदा जड गेलं नाही. चंद्रप्रकाश खुर्चीत बसला. "मागच्या वेळी तुम्ही बोललात की..." इतकं म्हणून तो थांबला आणि त्यानं पुढे काही विचारलं नाही. डोळे पुसून झाल्यावर तो आत गेला आणि सुई शोधून घेऊन आला.

"तुम्हाला एक सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "त्या तीन नळ्यांतल्या दोन बुरशीनं खाल्ल्यात. एक चालते. नंदूनं ती इथे माझ्या मशीनवर वाजवली. त्यात म्हातारीचा सासरा नाही. कुणी गोरा माणूस आहे, बँडबरोबर नुसता हसतोय. असल्या हसण्याच्या नळ्या तेव्हा खूप विकल्या जायच्या. नंदूचं तोंड एवढंसं झालं. म्हणाला, अंकल, ती लग्नात वाजवणार आहे, मी तिला कसं सांगू? मग त्याला वाटलं, या मशीनबरोबर आवाज भरायचा सामान आलेला असेल, दुसरी एखादी नळी असेल कुठेतरी. म्हणून तर तो मागे लागला होता, की ही मशीन आली कुठून. मी त्याला शेवटी सांगितलं, बेटा, या फुकटवाल्या मशीनबरोबर भरायचा सामान कधीच यायचा नाही. त्यानंतर तो आला नाही."

गुणाजी सुई कागदात गुंडाळून घरी आला. नंदू यंत्र परत का करत नव्हता, ते आता त्याला कळलं. रात्री जेवताना त्यानं प्रेमाला विचारलं, काय करायचं.

"काय करूचा म्हणजे? वाजवन द्या. खोटा किती दिवस ठेवतलात?" ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "मी येतंय."

एप्रिलमधल्या एका रविवारी दोघं वेसाव्याला गेली. कृष्णाबाईनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ओट्यावर, ओट्याखाली माणसं गोळा झाली होती. नातू आणि त्याची नवी बायको पुढे बसली होती. यंत्राला कुणीतरी फुलं वाहिली होती. गुणाजीला हे अवघड झालं. त्यानं कृष्णाबाईला बाजूला घेतलं आणि सरळ सांगितलं, "आजी, यात तुमच्या सासऱ्याचा आवाज नाही. कुणा गोऱ्याचा आहे. नंदूला ते आधीच कळलं होतं. तुम्हाला सांगवेना, म्हणून तो थांबून राहिला."

कृष्णाबाईनं यंत्राकडे बोट दाखवलं. "वाजव," ती म्हणाली.

"सगळ्यांसमोर?"

"वाजव रे तू."

त्यानं नळी दांडीवर चढवली, किल्ली दिली, कर्णा बसवला आणि सुई हलकेच टेकवली. आधी नुसती खरखर. मग लांब कुठेतरी बँड वाजल्यासारखं झालं आणि त्यातून एक माणूस हसायला लागला. हो-हो-हो, असे तीन ठोके, मग आत ओढलेला लांब श्वास, घोरल्यासारखा, आणि पुन्हा हो-हो-हो. लोक आधी एकमेकांकडे बघायला लागले. मग पोरं हसली, नवी नवरी तोंडावर पदर धरून हसली, आणि बघता बघता सगळा ओटा हसायला लागला. प्रेमाही हसत होती. गुणाजीनं पाहिलं, ती हसत होती आणि तिला थांबता येत नव्हतं.

कृष्णाबाई मात्र हसत नव्हती. नळी संपली, खरखर राहिली. ती म्हणाली, "परत."

गुणाजीनं परत लावली. दुसऱ्या वेळी तो श्वास ओढण्याचा आवाज आला तेव्हा म्हातारीनं ओट्याच्या खांबाला धरलं.

"ह्यो माजा नवरा हाय," ती म्हणाली.

हसणं थांबलं. नातू म्हणाला, "आजी, हा तर कुनी गोरा वाटतो."

"गोरा असंल. पन हसतो माजा नवरा. तुमी लहान व्हतात, तुमाला नाय आठवत. हो-हो-हो करायचा आनि मंग ह्यो असा घोरायचा. सगला कोलीवाडा त्याला चिडवायचा, हा कुठला हसनं घेऊन आला म्हनून. आमच्यात कुनी असा हसत नाय." ती थांबली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी हळूहळू म्हणाली, "सासूनं पोरांना सांगितला, ह्यो तुमचा बाप हाय, आयका. बाप परत आला नाय. मंग पोरगा रोज आयकत बसला असंल. बाप हसतो तसा हसायला शिकला."

तिनं हातानं खूण केली आणि गुणाजीनं तिसऱ्यांदा किल्ली दिली. या वेळी ती डोळे मिटून बसली होती. तिचे ओठ हलत होते. किल्लीच्या दांड्यावर गुणाजीचा हात होता आणि चाकं नीट फिरताहेत हे त्याला हाताला कळत होतं. नंदूनं केलेला तो दाता दर फेऱ्याला गुपचूप आपलं काम करून जात होता.

यंत्र कुणी बनवलं ते अखेरपर्यंत कळलं नाही. कुठल्या बंदरातल्या कुठल्या दुकानात एका कोळशेवाल्या खलाशाला नळ्यांबरोबर ते फुकट मिळालं, तेही कुणी सांगू शकणार नव्हतं. निघताना कृष्णाबाईनं प्रेमाला सुक्या बोंबलांचं बोचकं दिलं. गुणाजीला म्हणाली, "तेल घालायला येत जा."

अंधेरीहून घाटकोपरच्या बसमध्ये दोघांना जागा मिळाली. प्रेमा खिडकीशी बसली होती. बराच वेळ गुणाजी काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होता. नंदूचं बोलणं आठवत होतं, चालणं आठवत होतं, यंत्र कडेवर घेऊन दारात उभा राहिलेला नंदूही दिसत होता. एकच गोष्ट सापडत नव्हती.

"नंदू कसो हसायचो गो?" त्यानं विचारलं.

प्रेमानं त्याच्याकडे वळून पाहिलं. "नंदू? त्याचो आवाज खंय येय. नुसते खांदे हलायचे." मग म्हणाली, "तुमचे हलतत तसे."

"माझे?"

"तर काय. तुमी हसतास तेव्हा तुमका दिसता थोडाच."

गुणाजीनं मान हलवली. आपले खांदे हलतात हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तो समोरच्या सीटच्या लोखंडी दांड्याकडे बघत बसला. साकीनाक्याला रस्ता तुंबला होता. बस बराच वेळ जागची हलली नाही आणि बोंबलांचा वास आल्यावर पुढची बाई पदर नाकाला लावून मागे वळून बघायला लागली. प्रेमानं बोचकं मांडीवरून खाली पायांशी ठेवलं.